चिकित्सक बुद्धी आणि मनापासूनची श्रद्धा

बुद्धिमान आणि चिकित्सक माणसांची धर्मश्रद्धा इतरांपेक्षा कमी असते काय, हा प्रश्न महाराष्ट्रात निदान आगरकरांच्या काळापासून विचारला जात असून त्याला मिळणारी दोन ठरावीक उत्तरेही तेव्हापासून फारशी बदललेली नाहीत. एक पक्ष असे मानतो की श्रद्धा हे विचाराच्या अभावाचे फळ असून शिक्षणाचा आणि विज्ञानाचा प्रसार झाला की ती आपोआप ओसरेल. दुसरा पक्ष म्हणतो की श्रद्धेचे क्षेत्र बुद्धीच्या पलीकडचे असल्यामुळे माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या भक्तीवर त्या हुशारीचा काडीइतकाही परिणाम होत नाही. पहिल्या उत्तरात श्रद्धावंतांचा अपमान दडलेला आहे, तर दुसऱ्यात शंका विचारणाऱ्याला उंबरठ्याबाहेर ठेवण्याची सोय आहे. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणण्याचा बराच खटाटोप केला असून त्यातून हाती आलेला पुरावा दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारा आहे.

या पुराव्याकडे वळण्यापूर्वी तीन शब्दांचा अर्थ ठरवून घेणे आवश्यक आहे. बुद्धिमत्ता म्हणजे आकृतिबंध ओळखणे, शब्दांचे व संख्यांचे परस्परसंबंध जाणणे यांसारख्या कामांतील क्षमता, जी बुद्धिमापन चाचण्यांत गुणांच्या रूपाने मांडली जाते. चिकित्सक विचार ही मात्र क्षमतेपेक्षा सवय अधिक आहे. मनात पहिल्या झटक्यात उमटलेले उत्तर थांबवून धरायचे आणि ते खरे आहे काय हे तपासायचे, अशी ती सवय असते, आणि कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी आपल्या संशोधनातून वारंवार दाखवून दिल्याप्रमाणे उत्तम बुद्ध्यंक असलेल्या माणसाच्या अंगी ही सवय असतेच असे नाही. तिसरा शब्द मनापासूनची श्रद्धा. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ साली धार्मिकतेचे दोन प्रकार वेगळे केले: प्रतिष्ठा, ओळखीपाळखी, मनाचा दिलासा अशा अन्य लाभांसाठी बाळगलेली बाह्य धार्मिकता आणि जीवनाचे सूत्र म्हणून स्वीकारलेली आंतरिक धार्मिकता. देवळात नियमाने जाणारा माणूस यांपैकी कोणत्याही प्रकारात मोडू शकतो, हे ध्यानात घेतले नाही तर आचार मोजून श्रद्धा मोजल्याचे समाधान तेवढे मिळते.

मोजमापाचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जेम्स ल्यूबा यांनी १९१४ साली शास्त्रज्ञांना प्रश्नावली पाठवून, प्रार्थनेला प्रतिसाद देणाऱ्या ईश्वरावर त्यांचा विश्वास आहे काय असे विचारले, तेव्हा सुमारे ४२ टक्क्यांनी होकार दिला. मात्र त्यांच्यातील नामवंत मानल्या गेलेल्या शास्त्रज्ञांत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होते आणि १९३३ साली ते १५ टक्क्यांवर आले. पुढे एडवर्ड लार्सन व लॅरी विदम यांनी तोच प्रश्न तशाच शब्दांत पुन्हा विचारला, तेव्हा सर्वसाधारण शास्त्रज्ञांतील प्रमाण १९९६ सालीही ३९ टक्के, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिल्याचे दिसले, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांत ते १९९८ साली अवघे ७ टक्के निघाले. या आकड्यांवरून विज्ञान श्रद्धेला मारते असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली. परंतु विज्ञानामुळे श्रद्धा गेली, की आधीच अश्रद्ध असलेली माणसे विज्ञानाकडे अधिक वळली, हे अशा गणनेतून कळत नाही. शिवाय ही अमेरिकेची गोष्ट झाली. एलेन हॉवर्ड एकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ प्रदेशांतील शास्त्रज्ञांचे जे सर्वेक्षण २०१६ साली प्रसिद्ध केले, त्यात भारत, इटली, तैवान आणि तुर्कस्तान येथील निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञांनी स्वतःला धार्मिक म्हणवून घेतले. प्रयोगशाळेतील पद्धती सर्वत्र सारखीच असताना शास्त्रज्ञांच्या श्रद्धेत देशागणिक एवढे अंतर पडत असेल, तर त्या अंतराचे कारण प्रयोगशाळेबाहेर शोधणे भाग आहे.

बुद्धिमापन आणि धार्मिकता यांची थेट तुलना करणारे अभ्यास विसाव्या शतकात बरेच झाले. मायरन झुकरमन, जॉर्डन सिल्बरमन आणि ज्युडिथ हॉल यांनी २०१३ साली अशा ६३ अभ्यासांचे महाविश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेला एकूण हिशोब, प्रसिद्ध केले. त्यांपैकी ५३ अभ्यासांत बुद्धिमत्ता वाढते तशी धार्मिकता थोडी घटते असे चित्र होते, तर १० अभ्यासांत उलट. महाविद्यालयीन विद्यार्थी आणि सर्वसाधारण लोक यांत बुद्धिमत्ता आणि धर्मश्रद्धा यांचा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीने किती प्रमाणात बदलतात याचे माप, सुमारे उणे ०.२४ इतका भरला. या आकड्याचा वर्ग केला तर माणसामाणसांच्या धर्मश्रद्धेत जो फरक आढळतो त्यातील जेमतेम सहा टक्के भाग बुद्धिमापनाशी जुळतो, असा त्याचा अर्थ होतो. संबंध आहे, तो योगायोग म्हणून झटकून टाकता येत नाही. पण एखाद्या माणसाचा बुद्ध्यंक कळला म्हणून तो आस्तिक की नास्तिक हे सांगू पाहणारा बहुधा फसेल, इतका तो क्षीण आहे. आचारापेक्षा श्रद्धेशी हा संबंध अधिक जुळतो असेही या संशोधकांना आढळले, आणि ते समजण्याजोगे आहे, कारण प्रार्थनास्थळी जाण्याची कारणे अनेक असतात. यांतील बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य, मुख्यतः अमेरिकन समाजातील असल्याने निष्कर्षांची व्याप्ती तेवढीच मानावी, हा इशारा खुद्द लेखकांनीच दिला होता. तो इशारा मात्र बातम्यांच्या मथळ्यांपर्यंत पोहोचला नाही.

हा क्षीण संबंध तरी का दिसतो, याचे एक स्पष्टीकरण विचाराच्या सवयीत शोधण्यात आले. शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार केली, तिचा पहिला प्रश्न रुपयांत मांडल्यास असा होईल: बॅट आणि चेंडू यांची मिळून किंमत ११० रुपये आहे आणि बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे, तर चेंडूची किंमत किती? बहुतेकांच्या तोंडी चटकन १० रुपये हे उत्तर येते. पण चेंडू १० रुपयांचा असेल तर बॅट ११० रुपयांची आणि एकूण किंमत १२० रुपये होईल, म्हणून खरे उत्तर ५ रुपये. या गणिताला शाळकरी बेरीज-वजाबाकी पुरते. येथे कसोटी लागते ती तोंडावर आलेले उत्तर रोखून धरण्याच्या वृत्तीची. अशा चाचणीत अधिक गुण मिळवणारे लोक सरासरीने किंचित कमी धार्मिक असतात, असे अमेरिकेतील अनेक पाहण्यांत दिसले आहे.

सरासरीतील असा फरक आढळणे आणि विचार करायला लावल्याने श्रद्धा प्रत्यक्ष कमी होणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट सिद्ध करण्याच्या प्रयत्नाचा इतिहास या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. विल जर्व्हेस आणि आरा नोरेनझायन यांनी २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रयोगात साठाच्याही आत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना रोदँ या शिल्पकाराच्या, हनुवटीला हात लावून बसलेल्या विचारमग्न पुरुषाच्या पुतळ्याची छायाचित्रे दाखवण्यात आली आणि इतरांना थाळीफेक करणाऱ्या खेळाडूच्या प्राचीन ग्रीक शिल्पाची. त्यानंतर ईश्वरावरील विश्वासाविषयी विचारले असता पहिल्या गटाने आपला विश्वास कमी नोंदवला. नुसता विचारवंताचा पुतळा पाहून माणसाचा देवावरील विश्वास उणावतो, या निष्कर्षाची चर्चा जगभर झाली. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी ९४१ जणांवर, याच संशोधनातील चिकित्सक विचार जागा करण्याची एक पद्धत वापरून पुनर्प्रयोग केला, आणि श्रद्धेवर काहीही परिणाम आढळला नाही. २०१८ साली नामांकित नियतकालिकांतील २१ सामाजिकशास्त्रीय प्रयोगांची जी सामूहिक फेरतपासणी प्रसिद्ध झाली, तीतही पुतळ्याचा प्रयोग टिकला नाही. जर्व्हेस यांनी आपल्या प्रयोगाचा दुबळेपणा मोकळेपणाने मान्य केला, आणि पुढे १३ देशांतील तीन हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास करून चिकित्सक विचार आणि नास्तिकता यांचा संबंध देशोदेशी क्षीण आणि चंचल आहे, असे स्वतःच मांडले. आपला गाजलेला निष्कर्ष असा उघडपणे मागे घेणे हा चिकित्सक वृत्तीचा कोणत्याही चाचणीपेक्षा मोठा पुरावा म्हणावा लागेल.

त्याच सुमारास, २०१७ साली, ब्रिटनमधील मिगेल फरियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमधील सांतियागोच्या पायी यात्रेला निघालेल्या भाविकांना वाटेत गाठून त्यांची विचारपद्धती तपासली. आषाढी वारीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या अभ्यासाचे मोल वेगळे सांगायला नको, कारण प्रश्नावलीत होकाराची खूण करणे आणि शेकडो किलोमीटर चालत जाणे यांतून दिसणारी श्रद्धा एका तोलाची नसते. यात्रेकरूंचा सहजप्रेरणेने विचार करण्याकडे असलेला कल आणि त्यांच्या श्रद्धेची तीव्रता यांत काहीही संबंध आढळला नाही.

याचा अर्थ मनाच्या घडणीचा श्रद्धेशी संबंधच नाही असा घेणे मात्र चुकीचे ठरेल. डेबोरा केलेमन यांनी लहान मुलांना खडक टोकदार का असतात असे विचारले, तेव्हा मुलांनी वारा, पाऊस, झीज ही कारणे बाजूला ठेवून प्राण्यांना पाठ खाजवता यावी म्हणून, अशा धर्तीची उत्तरे पसंत केली. प्रत्येक वस्तूमागे कोणाचा तरी हेतू पाहण्याच्या या वृत्तीला हेतुदृष्टी म्हणता येईल. उत्तर देण्यास फारच थोडा वेळ दिला तर प्रशिक्षित शास्त्रज्ञसुद्धा अशी हेतुसूचक विधाने अधिक प्रमाणात खरी मानतात, असे २०१३ साली दिसून आले. म्हणजे ही वृत्ती शिक्षणाने नाहीशी होत नाही, फक्त तिच्यावर पहारा बसतो. जस्टिन बॅरेट यांचे निरीक्षण याला पूरक आहे. देव सर्वव्यापी आहे, एकाच क्षणी सर्वत्र कार्य करतो, असे शांतपणे सांगणारी माणसे एखादी गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगताना देवाला नकळत माणसासारखे वागवतात. देवाने आधी एका भक्ताची हाक ऐकली, ते काम उरकले आणि मग तो दुसऱ्याकडे वळला, असे त्यांना आठवते, मूळ गोष्टीत तसे काही नसले तरी. हाच प्रयोग बॅरेट यांनी उत्तर भारतातील हिंदूंमध्ये केला व १९९८ साली प्रसिद्ध केला, त्याचाही निष्कर्ष तसाच होता. सावकाश विचार करून मांडलेला ईश्वर आणि धावपळीत हाक मारलेला ईश्वर हे एकाच मनात शेजारी नांदतात, आणि दोन्हींवरील श्रद्धा सारखीच प्रामाणिक असते.

मग श्रद्धा असणे-नसणे ठरते कशावर? जर्व्हेस आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली अमेरिकी लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करणाऱ्या नमुन्यावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वांत प्रभावी घटक ठरला तो लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांचे वर्तन. जोसेफ हेन्रिक यांच्या सिद्धान्तानुसार मूल मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांनी श्रद्धेपायी काय सोसले, कोणते उपास केले, किती झीज सोसली हे पाहून शिकते. ज्या घरात धर्म फक्त बोलण्यात असतो त्या घरातील मुले सहज अश्रद्ध होतात. चिकित्सक विचाराचा वाटा या अभ्यासात त्या मानाने बराच लहान होता.

बुद्धीच्या वाट्याविषयी आणखी एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे बुद्धी पुष्कळदा वकिलाचे काम करते: पक्षकार आधीच ठरलेला असतो आणि युक्तिवाद नंतर शोधला जातो. आपल्याच बाजूचा पुरावा उचलून धरण्याचा दोष बुद्धिमान माणसांत कमी असतो असे नाही, हा स्टॅनोविच आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही लागू आहे. भारतीय दर्शनांचा इतिहास पाहणाऱ्याला याचे आश्चर्य वाटू नये. न्यायदर्शनाने संशयाला आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या मूलभूत विषयांत, मानाचे स्थान दिले, आणि त्याच दर्शनातील उदयनाचार्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी 'न्यायकुसुमांजली' हा तर्कग्रंथ रचला. तर वेदांचे कडवे अभिमानी असलेल्या कुमारिल भट्टांनी तितक्याच धारदार तर्काने जगत्कर्त्या ईश्वराची कल्पना नाकारली.

तरीही चिकित्सेचा श्रद्धेवर एक खरा आणि खोल परिणाम होतो, असे मानण्यास जागा आहे, आणि त्याचा धागा गॉर्डन पेनीकुक आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात सापडतो. चिकित्सक विचाराची सवय असलेल्या लोकांत रूढ श्रद्धा, चमत्कार आणि अतींद्रिय शक्ती यांवरील विश्वास कमी होता. परंतु त्यांतील काहींनी ईश्वर नाकारला नव्हता, तर त्याचे रूढ रूप सोडून, विश्वालाच ईश्वर मानणारी किंवा जगात हस्तक्षेप न करणारा ईश्वर मानणारी भूमिका घेतली होती. श्रद्धा राहील की जाईल यापेक्षा तिच्यातील काय राहील आणि काय गळून पडेल, यावर चिकित्सेचा अधिकार अधिक चालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी पुणे-मुंबईत हे नेमके घडलेले दिसते. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक दोघेही १८५६ साली जन्मलेले, दोघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी आणि न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीतील सहकारी. पण मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांतून आगरकर अज्ञेयवादाकडे, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही या भूमिकेकडे गेले आणि देवकल्पनेचा उगम आदिम माणसाच्या समजुतींत शोधू लागले, तर गणिती बुद्धीच्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे उदाहरण त्याहून सूक्ष्म आहे. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या वैष्णव व शैव पंथांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी वासुदेव कृष्ण आणि गोकुळातील गोपाळकृष्ण ही मुळात वेगवेगळी दैवते असून कालांतराने एकत्र आली, असे ऐतिहासिक चिकित्सेने मांडले. आणि हेच भांडारकर प्रार्थनासमाजाच्या उपासनेत निराकार ईश्वराची भक्ती अंतःकरणपूर्वक करीत. चिकित्सेने त्यांच्या हातून मूर्ती, अवतार आणि ग्रंथप्रामाण्य काढून घेतले. प्रार्थना मात्र राहिली. आगरकरांना आपल्या मतांपायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली, हेही येथे लक्षात घ्यावे, कारण जेथे रूढ मत नाकारण्याची एवढी किंमत मोजावी लागते तेथे चिकित्सक बुद्धीच्या जोडीला प्रवाहाविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य लागते. बुद्धिमान माणसे लोकमताला कमी शरण जातात, हे झुकरमन यांनी सुचवलेल्या स्पष्टीकरणांपैकी एक आहेच.

चिकित्सा माणसाला धर्मापासून दूरच नेते हा समज सर्वांत ठामपणे खोटा ठरवणारी दोन नावे धर्मानंद कोसंबी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आहेत. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, पाली भाषेचे गाढे पंडित झाले, आणि ज्या बुद्धावर त्यांनी जीव लावला त्याच्याच चरित्राची त्यांनी निर्भीड तपासणी केली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही लोकप्रिय कथा त्यांनी नाकारली आणि प्राचीन सुत्तांच्या आधारे शाक्य व कोलिय यांच्यातील कलह हे गृहत्यागाचे कारण म्हणून पुढे आणले. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि प्रत्यक्ष धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतली; मधल्या २१ वर्षांत त्यांनी धर्मांची तुलना केली, धर्म बुद्धीशी सुसंगत असला पाहिजे ही कसोटी १९५० सालच्या लेखात स्पष्टपणे मांडली, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात चार दृश्यांच्या कथेऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलिय संघर्षच मध्यवर्ती ठेवला. ग्रंथाच्या प्रस्तावनेत गृहत्याग, चार आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन यांविषयीचे प्रश्न त्यांनी वाचकापुढे उघडपणे ठेवले. येथे प्रश्न विचारणे हा श्रद्धेचाच भाग झाला. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी हे थोर गणिती, पण ते मार्क्सवादी इतिहासकार झाले आणि पुणे परिसरातील ग्रामदैवतांचा अभ्यास त्यांनी समाजाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून केला. बुद्धीची कुवत पिता-पुत्रांत कमी-अधिक ठरवणे निरर्थक आहे; दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या कुवतीमुळे नव्हेत.

या उदाहरणांमुळे मूळ मोजमापाची त्रुटीही उघडी पडते. ईश्वरावर विश्वास आहे काय, या एकाच प्रश्नावर उभारलेल्या मोजपट्टीत ईश्वर नाकारणारे कुमारिल नास्तिक ठरतील, अनीश्वरवादी जैन साधू अधार्मिक ठरतील आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर येणारे लाखो बौद्ध कोणत्या रकान्यात बसवावेत हे सांगता येणार नाही. मुख्यतः अमेरिकेतील लोकांवरून काढलेला उणे ०.२४ हा आकडा त्यामुळे मराठी समाजावर तसाच लादता येत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांनी वारकरी, बौद्ध, जैन, मुस्लिम, ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी अशा सर्वांसाठी लागू पडेल अशी प्रश्नावली मराठीत तयार करावी, आणि तीत माणूस देव मानतो की नाही एवढेच न विचारता त्याने आयुष्यात कोणत्या श्रद्धा तपासून सोडल्या, कोणत्या तपासूनही ठेवल्या आणि कोणत्या कधी तपासल्याच नाहीत, हे विचारावे.